खिडकीतलं लेकरू

गाडी फलाटाला लागली की सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही एसटी स्थानकात साधारण एकच धांदल असते. खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. कडेवर पोरं घेतलेल्या बाया दाराशी रेटारेटी करत चढतात आणि पोराला खिडकीपाशी बसवतात. पोराला खिडकी मिळाली नाही, तर सगळा प्रवास रडारडीत जायचा. जागा धरून झालेले काही पुरुष मात्र पुन्हा खाली उतरतात, गाडीला टेकून उभे राहतात आणि बिडी नाहीतर सिगारेट शिलगावतात. आत ओढता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एकदा गाडी सुटली की घाट संपेपर्यंत संधी नाही, हेही ठाऊक असतं. म्हणून मिळालेल्या पाच-दहा मिनिटांत ते हौस भागवून घेतात. आणि ते उभे असतात ती जागा नेमकी खिडकीखालची. धूर वर चढतो आणि काचेला नाक लावून बसलेल्या पोराच्या तोंडावर येतो.

ज्यांच्या कामाविषयी हे लिहिलं आहे, त्या या जिल्ह्यातल्या एका आगारात वाहक आहेत. तरणी पोरं त्यांना ‘मॅडम’ म्हणतात, म्हाताऱ्या बाया ‘पोरी’ म्हणतात, बाकी सगळ्यांच्या त्या ताई. इथेही त्या ताईच. तिकिटं देणं, हिशेब जुळवणं, घंटी मारणं, सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी मिटवणं, हे त्यांचं रोजचं काम. खिडकीखालचा धूर त्यात कुणी लिहून दिलेला नाही. तो त्यांनी स्वतःहून अंगावर घेतला, आणि इतकी वर्षं तो खाली ठेवलेला नाही.

आगारातले जुने चालक सांगतात, एके काळी पावसाळ्यात गाडीच्या सगळ्या काचा बंद आणि आत बिडीचा धूर कोंडलेला, असा प्रवास चालायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. एखादीचं बाळ खोकत खोकत काळंनिळं व्हायचं, तेव्हा कुणीतरी म्हणायचं, ‘काच जरा उघडा की.’ बिडी विझवा, असं कुणी म्हणायचं नाही. ते चित्र बदललं त्याला न्यायालय आणि कायदा कारण झाले. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी आणि सार्वजनिक वाहनांमध्ये धूम्रपानाला मनाई करण्याचा आदेश दिला. २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला. गांधी जयंतीचा मुहूर्त धरून २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविषयीचे नियम लागू झाले. आज ताईंच्या गाडीत कुणी बिडी पेटवत नाही. चुकून कुणी काडी ओढलीच तर चार प्रवासी आधी ओरडतात. गाडीच्या आतली लढाई कायद्याने जिंकली आहे, आणि ती साधी गोष्ट नाही.

गाडीच्या बाहेर मात्र लोकांची समजूत वेगळी आहे. ‘उघड्यावर चालतं,’ असं जो तो म्हणतो. मूळ कायद्यात मोकळी जागा वगळलेली आहे, त्यामुळे ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. पण २००८च्या नियमांनी हा घोळ मिटवला. लोक येतात-जातात अशा उघड्या जागा, म्हणजे उघडी प्रेक्षागृहं, स्टेडियम, रेल्वे स्थानकं, बसथांबे, बसस्थानकं यांना मोकळ्या जागेची सवलत नाही. म्हणजे पत्र्याच्या शेडखालचा फलाट असो की शेडबाहेरचं डांबर, बसस्थानकाच्या आवारात बिडी ओढणं हा गुन्हाच. दंड दोनशे रुपयांपर्यंत. प्रवेशाच्या ठिकाणी निदान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचा पांढरा फलक हवा, आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव तिथे हवं.

ताईंच्या स्थानकात फलक आहे. नावाची जागा कित्येक दिवस कोरी होती. पुढे तिथे एक नाव आलं. त्या साहेबांची बदली झाली तरी नाव तेच राहिलं. दंड करण्याचा अधिकार नियमांनी फौजदारापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत, स्टेशन मास्तरांपासून पोस्टमास्तरांपर्यंत पुष्कळांना दिलेला आहे. ताईंच्या हातात तिकिटाचं मशिन आहे. दंडाचं पावतीपुस्तक कुणी दिलेलं नाही. त्यांच्याजवळ होता तो खाकी गणवेश आणि तोंड.

तोंड कसं वापरायचं, हे त्या आगारातल्या एका जुन्या वाहकाकडे बघून शिकल्या. बाकीचे वाहक दारात उभे राहून मोठ्याने ओरडायचे, ‘ए, बिडी विझव रं!’ त्यावर सगळा फलाट माना वळवून बघायचा, आणि ज्याला ओरडलं तो माणूस नेमका तेव्हाच हट्टाला पेटायचा. चारचौघांत अपमान झाल्यावर बिडी विझवणं म्हणजे हार मानणं. मग ‘तू कोन सांगनार’, ‘तिकिटाचं पैसं मोजलेत’, इथून सुरू होऊन भांडण कुठल्याही थराला जायचं. हे जुने वाहक मात्र खाली उतरायचे, त्या माणसाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहायचे आणि शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात काहीतरी बोलायचे. माणूस निमूट पलीकडे जायचा. ताईंनी एकदा विचारलं, ‘काका, काय म्हनता ओ तुमी त्येंना?’ त्यांनी सांगितलं, ‘काय न्हाय. गाडी थांबवतो म्हनतो.’

या एका वाक्यात ताईंना बरंच काही सापडलं. माणूस गाडीला चिकटून ओढतो, कारण गाडी सुटेल ही त्याला धास्ती असते. त्याचा एक डोळा ड्रायव्हरवर, एक डोळा आपल्या रुमालावर. खिडकीतलं पोर त्याला दिसलेलंच नसतं. त्याला नुसतं ‘इथं ओढू नका’ म्हटलं तर तो गोंधळतो. लांब गेलो आणि गाडी गेली तर? मग ताईंचं बोलणं ठरून गेलं. आधी जवळ जायचं. ‘दादा, वर बघा, लेकरू बसलंय खिडकीत.’ त्याने वर बघितलं की अर्धं काम झालं. मग, ‘त्या फाटकाभाईर जाऊन या. अजून सात-आठ मिन्टं हायत. तुमाला घेतल्याबिगर गाडी हलत न्हाय, माझ्यावर सोडा.’ आणि हा शब्द त्या पाळतात. डबल घंटी मारण्याआधी फाटकाकडे बघून हात करतात. माणूस धावत येतो, बहुतेक वेळा थोडा ओशाळलेला असतो.

हे करताना त्यांची नजर आणखी एका गोष्टीवर असते: बिडी पेटायच्या आत गाठायचं. खिशात हात गेला, काडेपेटी बाहेर आली, की तेव्हाच बोलायचं. पेटवलेली टाकून द्यायला माणसाच्या जिवावर येतं. न पेटवलेली पुन्हा खिशात जाते. सिगारेट महाग झाल्यापासून तर हे जास्तच खरं आहे.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचं तिकीट निम्मं झालं. तेव्हापासून ताईंच्या गाडीत बायाबापड्यांची गर्दी वाढली आणि त्यांच्याबरोबर लहान मुलंही वाढली. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. आईबरोबर तिच्या माहेरी निघालेली, दवाखान्यात निघालेली, नुसतीच देवाला निघालेली. खिडक्या भरल्या त्या या मुलांनी. त्यामुळे जे काम पूर्वी अधूनमधून करावं लागे, ते आता जवळपास प्रत्येक फेरीला करावं लागतं.

याच रूटवर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एक परिचारिका रोज जा-ये करत. पुढच्या बाकावर बसत. ताई तिकिटं आटोपून वाहकाच्या सीटवर बसल्या की दोघींचं बोलणं चाले. मुलांना हा धूर मोठ्यांपेक्षा जास्त का बाधतो, हे ताईंना त्यांनी समजावलं. तान्हं बाळ मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २० वेळा. म्हणजे एकाच धुरात दोघं असतील तर वजनाच्या मानाने बाळाच्या छातीत कितीतरी जास्त धूर जाणार. त्याच्या श्वासनळ्या मुळातच बारीक; आतून जराशी सूज आली तरी वाट अडते, घरघर सुरू होते. घसा आणि कान यांना जोडणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते, म्हणून धुरात वाढणाऱ्या मुलांचे कान वरचेवर फुटतात. दमा बळावतो, न्यूमोनिया आणि ब्राँकायटिस होण्याची शक्यता वाढते. तान्ही मुलं झोपेत अचानक दगावतात, त्या धोक्यातही या धुराचा वाटा आहे. ओढणारा अधूनमधूनच झुरके घेतो. मधल्या वेळात हातातलं टोक नुसतं जळत असतं, आणि दुसऱ्यांच्या नाकात जाणारा धूर बहुतांशी त्या जळत्या टोकाचाच. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६च्या अहवालात स्पष्टच लिहिलं की दुसऱ्याच्या धुराची ‘एवढा चालेल’ अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की अशा धुरामुळे होणाऱ्या आजारांनी जगभरात वर्षाला सुमारे ६५ हजार मुलं जातात.

परिचारिकाबाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट ताईंच्या डोक्यात बसली. ओढणं संपलं तरी धूर संपत नाही. तो सदऱ्यात, मिशीत, बोटांवर राहतो. बाहेर सिगारेट संपवून आलेला बाप आत आल्या आल्या बाळाला छातीशी घेतो, बाळ त्याचा सदरा चोखतं, बोटं तोंडात घालतं. त्या दिवसापासून फाटकाबाहेरून परतणाऱ्यांना ताई दारातच सांगतात, ‘तितं नळ हाय, हात-तोंड धुऊन या. लेकरू मांडीवर घ्यायचंय न्हवं?’ हे सांगितल्यावर आजवर कुणी त्यांच्या अंगावर आलेलं नाही. बाप लोक उलट विचारतात, ‘व्हय का? कपड्यालाबी ऱ्हातंय?’ त्यांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

स्थानकात एका टोकाला हिरकणी कक्ष आहे. अंगावर पाजणाऱ्या आयांना आडोसा मिळावा म्हणून एसटीने स्थानकांवर असे कक्ष केले. कल्पना फार चांगली. इथे मात्र त्या खोलीच्या मागच्या भिंतीला वर झडपा होत्या, आणि त्या झडपांच्या बाहेर, भिंतीला लागून, बाकडं होतं. बाकड्याच्या पुढे कुंपणाला खेटून पानटपरी. टपरीला दोन खिडक्या, एक रस्त्याकडे, एक स्थानकाकडे. स्थानकाकडच्या खिडकीला दोरीने लायटर लटकवलेला. सुटी सिगारेट घ्यायची, दोरीचा लायटर ओढून पेटवायची, बाकड्यावर बसून ओढायची. धूर झडपांतून आत, जिथे बाळं दूध पीत होती. एका बाळंतिणीने ताईंना हे सांगितलं नसतं, तर ते कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. पुरुष त्या खोलीत जात नाहीत, आणि आत गेलेल्या बाया तक्रार करायला थांबत नाहीत. त्यांना गाडी गाठायची असते.

ताईंनी अर्ज केला. अर्जाचं काय झालं ते कळलं नाही. मग त्यांनी झाडणाऱ्या मावशींना हाताशी धरलं, दोघा चालकांना विनंती केली आणि एका दुपारी ते बाकडं उचलून चौकशी खिडकीसमोर नेऊन ठेवलं. तिथे वाहतूक नियंत्रक समोरच बसलेले, त्यामुळे त्या बाकड्यावर कुणी ओढत नाही. पुढची पायरी लायटरची. जिथे धूम्रपानाला मनाई आहे, त्या जागेत काडेपेटी, लायटर, रक्षापात्र असं काही पुरवायचं नाही, हे नियमातच आहे. ताई टपरीवाल्याकडे नियमाचा कागद घेऊन गेल्या नाहीत. त्याची सून नुकतीच बाळंत झाली होती, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी त्याला हिरकणी कक्षाच्या मागे आणून झडप दाखवली आणि आत काय चालतं ते सांगितलं. त्याने तिथल्या तिथे दोरी सोडून लायटर रस्त्याकडच्या खिडकीला बांधला. गर्दी लायटरच्या मागे गेली. जे फलक वर्षानुवर्षं करू शकला नव्हता, ते एका दोरीने केलं.

इथे सुट्या विक्रीबद्दलही बोललं पाहिजे. सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यावर बंदी घातली. पाकिटावरचं इशाऱ्याचं चित्र सुटी घेणाऱ्याला दिसत नाही आणि किमतीचा चटकाही बसत नाही, हे त्यामागचं कारण. टपऱ्यांवर सुटी विक्री चालूच आहे. सुटी घेणारा जागच्या जागी पेटवतो, आणि जागच्या जागी म्हणजे बसची वाट बघणाऱ्या मुलांमध्ये.

धूर दिसतो तरी. हातातल्या निखाऱ्याकडे लक्ष जात नाही. पौषात मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात, तेव्हा ताईंची ड्युटी तिकडे लागते. रांगा, बांबूचे कठडे, धूळ, हलगीचा आवाज. अशाच एका रांगेत पुढच्या माणसाने सिगारेट धरलेला हात खाली सोडला होता. उभ्या माणसाचा खाली सोडलेला हात आणि तीनेक वर्षांच्या पोराचा चेहरा एकाच उंचीवर येतात. मागून रेटा आला, पोर पुढे ढकललं गेलं आणि जळतं टोक त्याच्या गालाला, डोळ्याच्या जरा खाली लागलं. झुरका घेताना हे टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. पोराने जो टाहो फोडला, त्याने हलगी थांबली.

चहूकडून सल्ले सुरू झाले. टूथपेस्ट लावा, हळद लावा, शाई लावा. ताईंनी सगळ्यांना बाजूला सारलं, पोराला आईच्या मांडीवर आडवं केलं आणि बाटलीतलं पाणी गालावरून सोडत राहिल्या. भाजल्यावर वीसेक मिनिटं साधं गार वाहतं पाणी, बाकी काहीही नाही, हे त्यांना प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. एका बाटलीने काय होणार? ज्याच्या हातून हे घडलं तो माणूसच धावत सुटला आणि दोन्ही हातांत मावतील तेवढ्या बाटल्या घेऊन आला. पाणी ओतताना त्याचे हात थरथरत होते. आई त्याला वाट्टेल ते बोलत होती, तो खाली मान घालून ऐकत होता. पुढे पोराला यात्रेतल्या आरोग्य पथकाकडे नेलं. डोळा वाचला होता. ताई ही हकिकत सांगतात तेव्हा त्या माणसाला दोष देत नाहीत. हात खाली सोडला की तो कुणाच्या तोंडापाशी जातो, हे रांगेतल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं, असं त्या म्हणतात. यात्रेत रांग लावून घेताना आता त्या आधी मुलं घेतलेल्या बायांना कठड्याच्या कडेने वेगळं काढतात.

सगळ्यात अवघड प्रसंग परक्या माणसाचा नसतो. ओढणारा त्या पोराचाच बाप असतो, आजा असतो, चुलता असतो. फलाटावर त्याच्या शेजारी त्याची बायको नाहीतर सून पदर नाकाला लावून बसलेली असते. ती बोलत नाही. ती फक्त कंडक्टरकडे एकदा बघते. ती नजर ताईंना ओळखू येते, आणि ती नजर आपण पाहिली हे कुणाला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा सर्वांत कडक नियम आहे. ‘तुमच्या सूनबाईंना त्रास हुतोय,’ असं एकदा जरी म्हटलं, तर गाडीतून उतरल्यावर त्या सूनबाईचं काय होईल ते कंडक्टरला दिसणार नसतं. म्हणून ताई सगळं स्वतःवर घेतात. ‘आबा, माझ्या नोकरीवर येतंय. साहेब बघत्यात. तेवढं भाईर जाऊन वढा.’ आबा कुरकुरतात. ‘आमचा बा आमाला मांडीव घिऊन चिलीम वढायचा. आमी काय मेलो?’ यावर ताई वाद घालत नाहीत. किती पोरं तेव्हा छातीच्या आजाराने गेली आणि गावाने त्याला काय काय नावं दिली, हे बोलायची ती जागा नव्हे. त्या आबांची पिशवी उचलून देतात, फाटकापर्यंत चार पावलं बरोबर जातात. म्हाताऱ्या माणसाला मान मिळाला की तो ऐकतो.

घरातल्या धुराला हे काही लागू पडत नाही. देशभर झालेल्या २०१६-१७च्या तंबाखूविषयक सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं होतं की घरात त्यांना दुसऱ्याच्या धुरात राहावं लागतं. मोठ्यांचं हे असेल, तर त्याच घरातल्या रांगत्या पोरांचं काय ते निराळं सांगायला नको. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर खासगी मोटारीतही धूम्रपानाला बंदी आहे. आपल्याकडे खासगी घरात आणि खासगी मोटारीत मुलाचा कैवार घ्यायला तसा कायदा नाही. ताईंच्या परीने त्या एवढंच करतात, की हात-तोंड धुण्याची गोष्ट सांगताना ‘घरीबी असंच करा’ हे जोडून देतात.

त्याच सर्वेक्षणातला महाराष्ट्राचा आकडा मात्र उमेद देणारा आहे. राज्यात तंबाखू खाणारे भरपूर, पण ओढणारे प्रौढ ३.८ टक्के. शंभरात चारसुद्धा नाहीत. म्हणजे भरलेल्या फलाटावर ओढणारे मूठभर, आणि न ओढणारे सगळा फलाट. तरीही बोलतं कुणी नाही. ‘आपल्याला काय करायचंय’ असं म्हणत बाप्ये तोंड फिरवतात, बाया पदर घेतात आणि मुलं तो धूर श्वासात घेतात. ताईंचं म्हणणं असं, की ओढणाऱ्यांचा त्यांना तेवढा राग येत नाही, कारण त्यांतले बहुतेक सांगितल्यावर ऐकतात. राग येतो तो शेजारी उभं राहून न सांगणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांचा. फलाटावर सांगणारा माणूस कुणीतरी ठरवून दिलेला असला पाहिजे, आणि त्याचं नाव फलकावर खरोखर लिहिलेलं असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह आहे. तो रास्त आहे. आवाराच्या प्रमुखाने तक्रार येऊनही काही केलं नाही, तर त्यालाही दंड होऊ शकतो, अशी नियमांत तरतूद आहे. ती वापरली जात नाही, इतकंच.

सगळेच ऐकतात असंही नाही. कॉलेजच्या पोरांचं टोळकं असलं की ताई सावध असतात. एकटा पोरगा ऐकतो. चौघं असले की ऐकत नाहीत. ‘मॅडम, तुमी तिकिटं फाडा,’ हे सौम्य उत्तर. बाई माणूस, त्यात गणवेशातली, म्हटल्यावर याहून वाईटही त्यांनी ऐकलं आहे. मोबाइल समोर धरून चित्रण करत त्यांना चिडवलंही आहे. अशा वेळी त्या पोरांशी बोलतच नाहीत. नियंत्रकांच्या खोलीत जातात आणि भोंग्यावरून सांगायला लावतात. भोंग्यावरची ‘धूम्रपान दंडनीय आहे’ ही नेहमीची सूचना कुणी कानावर घेत नाही. पण ‘फलाट चारवर निळ्या शर्टातले, सिगारेट विझवा, शेजारी लहान मूल आहे’ असं नेमकं सांगितलं की सगळा फलाट निळा शर्ट शोधू लागतो. हा उपाय त्यांना स्वतःला फारसा आवडत नाही, कारण त्यात माणसाला उघडं पाडावं लागतं. मूल समोर खोकत असताना आवडीनिवडी बघायला वेळ नसतो.

ड्युटी उतरायला उशीर झाला की गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. मग ताई साध्या साडीत वडापच्या जीपने घरी जातात. वडाप म्हणजे जागा भरल्याशिवाय हलणार नाही. तेवढ्यात ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसून बिडी ओढणार, पुढच्या सीटवर बाईच्या मांडीत पोर, गिअरच्या दांड्याशी त्याचे पाय. ही जीपही भाडं घेऊन लोकांना नेणारं वाहन, तेव्हा कायदा इथेही आहेच. पण इथे ना फलक, ना भोंगा, ना खाकी. ताईंनी पहिल्यांदा टोकलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, ‘मॅडम, इतं तुमची ड्युटी न्हाय.’ त्या म्हणाल्या, ‘न्हाईच. मी पैसं दिऊन बसल्ये.’ मागच्या बाकावरच्या दोन बाजारकरणींनी लगेच री ओढली. ड्रायव्हर खाली उतरला आणि टायरपाशी उभा राहून ओढू लागला. धूर उघड्या दारातून आतच येत होता. ताईंनी त्याला हाताने झाड दाखवलं. तो झाडाखाली गेला.

त्या थांब्यावरचे बरेचसे ड्रायव्हर आता जागा भरेपर्यंत झाडाखालीच ओढतात. शिटा भरल्या की कुणीतरी हाक मारतं. एक जण अजून ऐकत नाही. त्याच्या जीपमध्ये ताई बसत नाहीत, आणि पोर घेतलेली कुणी बाई तिकडे वळली की तिला सांगतात, ‘मागच्या जीपमदी चला, तीबी सुटंल आता.’ त्याची जीप भरायला हल्ली उशीर लागतो.